भिंतीवरची प्लास्टिकची हिरवळ

सोलापूरचा पारा मे महिन्यात 42–43 अंशांवर जातो. हॉटेलच्या दारातली खरी वेल तिथे करपते. शिवाय एसी खोलीत ऊन नाही आणि रोज पाणी घालायला माणूस नाही. म्हणून हॉटेल-बारवाले भिंतीवर कृत्रिम पानांचे चौकोनी पॅनेल ठोकतात. ही पानं बहुधा पॉलिथिनची, फुलं पॉलिएस्टर कापडाची असतात. बाहेरच्या उन्हात त्यांचा रंग उडतो, प्लास्टिक ठिसूळ होतं. स्वयंपाकघराजवळ फोडणीचा तेलकट धूर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. तिथे नुसतं झटकून भागत नाही, साबणाच्या पाण्यानेच धुवावं लागतं.

खरी काळजी आगीची. पॉलिथिन जळताना वितळून थेंब पडतात, आग खाली पसरते आणि कोंडलेल्या खोलीत धूर जीवघेणा ठरतो. मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना 28–29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्री आग लागली. त्यात 14 जणांचा जीव गेला आणि ज्वलनशील सजावटीचा प्रश्न ऐरणीवर आला.

हॉटेलमालकांनो, अग्निरोधक असल्याचं चाचणी-प्रमाणपत्र पाहूनच माल घ्या. शेगडी, तापणारे दिवे आणि बाहेर पडायचा दरवाजा यांच्याजवळ ही पानं लावू नका.