युद्धाचे कारण आणि कारणाचा प्रामाणिकपणा : १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धाचा एक विचार

कोणतेही शासन युद्ध पुकारते तेव्हा त्याला दोन कामे करावी लागतात. एक, सैन्य हलविणे. दुसरे, त्या हालचालीचे कारण जगाला सांगणे. पहिल्या कामाचा इतिहास विस्ताराने लिहिला जातो. दुसऱ्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. वास्तविक, कारण सांगणे ही एक प्रकारची साक्ष होय. आणि खोटी साक्ष न देण्याची आज्ञा जशी व्यक्तीला आहे तशीच राजसत्तेलाही आहे. म्हणून युद्धाचे समर्थन प्रामाणिक होते की नव्हते, हा प्रश्न इतिहासाचा असला तरी तो नीतिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्या परिसरातील एका युद्धाच्या आधारे करावयाचा आहे. बऱ्हाणपूर शहर आणि त्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर असलेला असीरगड ही दोन्ही स्थळे त्या युद्धाच्या कागदपत्रांत वारंवार येतात.

१. प्रश्नाचे स्वरूप

संत ऑगस्टीनच्या विचारांचा आधार घेऊन संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात न्याय्य युद्धासाठी तीन अटी सांगितल्या : युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार असावा, कारण न्याय्य असावे, आणि हेतू शुद्ध असावा. यांतील दुसरी व तिसरी अट वेगवेगळ्या आहेत, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. कारण न्याय्य असूनही हेतू दूषित असू शकतो, आणि तसे असल्यास ते युद्ध अनीतीचे ठरते, असे थॉमस स्पष्टपणे मानतात.

यावरून आपल्या विषयासाठी एक भेद करता येतो. सांगितलेले कारण खोटे असणे ही एक गोष्ट. सांगितलेले कारण खरे असूनही निर्णयाचे खरे कारण ते नसणे ही दुसरी. सरकारे उघड असत्य बोलतात त्यापेक्षा हा दुसरा मार्ग अधिक वेळा पत्करतात. अहाब राजा आणि नाबोथाचा द्राक्षमळा यांची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. तेथे उपास जाहीर झाला, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले. कायद्याचे एकही बाह्यांग उणे नव्हते. उणे होते ते एवढेच, की या सर्व खटाटोपाचा हेतू द्राक्षमळा मिळविणे हा होता आणि तो कोणीही उच्चारला नाही.

१५३९ साली स्पेनमधील सालामान्का विद्यापीठात डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया यांनी अमेरिकेतील स्पॅनिश विजयांच्या समर्थनाची अशीच छाननी केली. स्वतःच्याच राजाच्या दाव्यांची ही तपासणी होती. राज्यविस्तार किंवा राजाची कीर्ती हे युद्धाचे न्याय्य कारण होऊ शकत नाही, झालेला अन्याय हेच एक कारण होय, असे त्यांनी प्रतिपादिले. शिवाय, राजाला स्वतःची बाजू न्याय्य वाटणे पुरेसे नाही. विरुद्ध पक्षाची कारणेही ऐकून घेतली पाहिजेत, हा मुद्दा त्यांनी आग्रहाने मांडला. पुढील विवेचनात हाच क्रम स्वीकारला आहे.

२. घटनाक्रम

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. या तहाने पेशव्यांनी कंपनीची तैनाती फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि अन्य सत्तांशी व्यवहार करताना कंपनीचा सल्ला घेण्याचे मान्य केले. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी फौजेच्या साहाय्याने बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले.

दौलतराव शिंदे १८०३ च्या आरंभी बऱ्हाणपूर येथे तळ देऊन होते. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स त्यांना तेथेच येऊन भेटला. वसईच्या तहाला शिंद्यांनी संमती द्यावी, हे त्याचे मागणे होते. मे महिन्याच्या अखेरीस दौलतरावांनी उत्तर दिले, की नागपूरकर रघूजी भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की शांतता ते कळविले जाईल. शिंदे व भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ एकत्र आल्या. त्यांनी तेथून मागे जावे, अशी मागणी जनरल आर्थर वेलस्ली याने जुलैत केली. ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली आणि ६ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने युद्ध जाहीर केले. आपण समान अटींवर शांतता देऊ केली होती, युद्ध तुम्ही निवडले आहे आणि परिणामांची जबाबदारीही तुमचीच, असा त्याच्या पत्राचा आशय होता.

अहमदनगर ऑगस्टमध्ये पडले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. कर्नल स्टीव्हन्सनने १६ ऑक्टोबरला बऱ्हाणपूर आणि २१ ऑक्टोबरला असीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला अडगाव व १५ डिसेंबरला गाविलगड येथे युद्धाचा निकाल लागला. भोसल्यांशी १७ डिसेंबरला देवगावचा आणि शिंद्यांशी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

३. कंपनी सरकारची बाजू

गव्हर्नर-जनरल मार्क्विस वेलस्ली, म्हणजे आर्थर वेलस्लीचा वडील बंधू, याने १८०३ च्या डिसेंबरात कलकत्त्याहून एक विस्तृत समर्थन प्रसिद्ध केले. त्याचे मुख्य मुद्दे तीन होते : वसईचा तह केवळ संरक्षणात्मक असून त्याने कोणाचा हक्क हिरावलेला नाही, शिंदे-भोसल्यांनी मित्र निजामाच्या सीमेवर फौज आणून धमकी दिली, आणि शिंद्यांच्या पदरी असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांमुळे हिंदुस्थानात फ्रेंच सत्तेचा धोका निर्माण झाला होता.

हे मुद्दे निराधार नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. शिंद्यांच्या उत्तरेकडील कवायती पलटणी पेरॉन या फ्रेंच सेनापतीच्या हाती होत्या आणि गंगा-यमुनेच्या दुआबातील मोठा मुलूख त्याच्या कारभाराखाली होता. १८०३ च्या मे महिन्यात युरोपात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले. जुलैत जनरल देकाएन फ्रेंच तुकडीसह पाँडिचेरीपुढे येऊन मॉरिशसला निघून गेला. ही भीती कोणी कागदावर रचलेली नव्हती.

मात्र समर्थनाचा सूर असा बचावाचा का, हेही समजून घेतले पाहिजे. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७८४ च्या कायद्याने हिंदुस्थानातील विजयाच्या व राज्यविस्ताराच्या योजना राष्ट्राच्या प्रतिष्ठेला व धोरणाला विरोधी ठरविल्या होत्या. कंपनीवर किंवा तिच्या मित्रांवर हल्ला झाल्याशिवाय, अथवा तशी तयारी दिसल्याशिवाय, गव्हर्नर-जनरलला विलायतेच्या हुकुमाविना युद्ध पुकारता येत नव्हते. हा कायदा सद्हेतूचा होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की प्रत्येक युद्धाला बचावाचा पोशाख चढविणे आवश्यक झाले.

४. विरुद्ध पक्षाचे म्हणणे

शिंदे व भोसले यांचे म्हणणे असे, की पेशवे हे मराठी राज्यमंडळाचे प्रमुख. इतका मोठा करार त्यांनी इतर सरदारांना न विचारता केला, तो सर्वांच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. आपण आपल्याच मुलुखात आहोत, मग मागे का जावे? जुलैअखेर त्यांनी सुचविले, की आपण बऱ्हाणपुराकडे परततो, परंतु इंग्रजी फौजांनीही मद्रास, श्रीरंगपट्टण व मुंबई या आपापल्या ठाण्यांवर परत जावे. एका पक्षाने अजिंठ्याच्या घाटापासून बऱ्हाणपूरपर्यंत यावयाचे आणि दुसऱ्याने शेकडो मैल जावयाचे, ही अट वेलस्लीला विषम वाटली. तथापि, आपापल्या घरी परतणे हीच समता, असे मराठ्यांना वाटले तर त्यातही तथ्य होते.

याचा अर्थ मराठी दरबार निर्मळ होता असा नव्हे. आपला विरोधी हेतू नाही असे एकीकडे सांगत असताना दुसरीकडे होळकरांना इंग्रजांविरुद्ध मिळवून घेण्याची त्यांची खटपट चालू होती. खुद्द बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाखाली राहून शिंद्यांशी गुप्त संधान ठेवून होते. प्रामाणिकपणाची कसोटी एकाच पक्षाला लावली तर ती कसोटी राहत नाही, वकिली होते.

५. तीन कसोट्या

पहिली कसोटी : सांगितलेले कारण दूर झाले असते तर युद्ध थांबले असते काय? ४ सप्टेंबरला अलीगड पडले. त्यानंतर लवकरच पेरॉनने शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला आणि दिल्लीच्या लढाईनंतर, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उत्तरेतील फ्रेंच अधिकाऱ्यांचे वर्चस्व संपले. १ नोव्हेंबरला लासवारी येथे शिंद्यांच्या पलटणी फ्रेंच सेनापतीविना लढल्या. दक्षिणेत असई येथे शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख पोलमन हा तर जर्मनीतील हॅनोव्हरचा होता, आणि हॅनोव्हरचा अधिपती इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच होता. कारण विरले, युद्ध आणखी साडेतीन महिने चालले. चालू लढाई एकाएकी आवरता येत नाही हे खरे. परंतु मागण्याही कमी झाल्या नाहीत.

दुसरी कसोटी : चारचौघांत सांगितलेले आणि आपल्या माणसांना लिहिलेले यांत मेळ आहे काय? २७ जुलै १८०३ रोजी, म्हणजे युद्धघोषणेपूर्वी दहा दिवस, गव्हर्नर-जनरलने सेनापती लेक याला युद्धाची उद्दिष्टे लिहून पाठविली. गंगा-यमुनेमधील शिंद्यांचा मुलूख घेणे, मोगल बादशाहाला आपल्या ताब्यात आणणे, यमुनेपलीकडील राजांशी करार करणे आणि बुंदेलखंड व्यापणे, असा त्यांचा विस्तार होता. युद्ध झाल्यास काय करावे याची आखणी करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, म्हणून केवळ या पत्रावरून दोष सिद्ध होत नाही. पण निजामाच्या सीमेवरून फौज मागे घेण्याची मागणी आणि दिल्लीच्या बादशाहाचा ताबा यांत जे अंतर आहे, ते जाहीर समर्थनात कोठेही उघड केलेले नाही.

तिसरी कसोटी : कारण आणि लाभ यांचे प्रमाण जुळते काय? शिंद्यांकडून दुआब, दिल्ली-आग्र्याकडील मुलूख, भडोच व अहमदनगर गेले. भोसल्यांकडून कटक व बालासोर गेले, आणि त्यामुळे कंपनीचे बंगाल व मद्रास हे इलाखे किनाऱ्याने जोडले गेले. हा किनाराही फ्रेंचांना बंद करावयाचा होता, असे समर्थकांनी म्हटले. जे कारण हव्या त्या प्रांताला लावता येते, ते कारण राहत नाही. ती सबब होते. अर्थात, बऱ्हाणपूर व असीरगड तहाने शिंद्यांना परत मिळाले, हेही नोंदविले पाहिजे.

हे आक्षेप आजच्या वाचकालाच सुचतात असे नाही. १८०४ साली कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे याने वसईच्या तहाच्या शहाणपणाविषयी गंभीर शंका लिहून काढल्या आणि त्यांना आर्थर वेलस्लीने उत्तर दिले. फिलिप फ्रान्सिस याने १८०५ मध्ये हा प्रश्न कॉमन्स सभेत उपस्थित केला. त्याच वर्षी मार्क्विस वेलस्लीला स्वदेशी परतावे लागले. व्हिटोरियांनी सांगितलेली चौकशी झाली, परंतु युद्ध संपल्यानंतर.

६. असीरगडावरील पत्र

सोळा वर्षांनी याच परिसरात उलट बाजूचे उदाहरण घडले. १८१७ च्या तहान्वये शिंद्यांनी असीरगड तात्पुरता इंग्रजांच्या स्वाधीन करण्याचे कबूल केले होते. परंतु किल्लेदार यशवंतराव लाड तो देईना. नागपूरचे पदच्युत अप्पासाहेब भोसले तेथे आश्रयास गेले, तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी किल्ला घेतला. आत दौलतरावांचे एक पत्र सापडले. त्यात किल्लेदाराला पेशव्यांच्या आज्ञा पाळण्यास सांगितले होते. जाहीर हुकूम एक आणि खाजगी हुकूम दुसरा, हे उघड झाले. त्यानंतर कंपनीने किल्ला परत केला नाही.

कलकत्त्याचे १८०३ चे पत्र आणि असीरगडावर सापडलेले पत्र ही शेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींत लेखणी एक बोलते आणि तोंड दुसरे. फरक इतकाच, की पराभूताचे पत्र त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले, आणि विजेत्याचे पत्र त्याच्या गौरवग्रंथात छापले गेले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणावे लागते, की १८०३ च्या युद्धाचे कंपनी सरकारने केलेले समर्थन सर्वस्वी असत्य नव्हते, पण प्रामाणिकही नव्हते. फ्रेंचांचे भय खरे होते. मात्र निर्णय त्या भयावर अवलंबून नव्हता. जे दूर झाले तरी निर्णय बदलत नाही, ते त्या निर्णयाचे कारण नव्हे.

या भेदाला महत्त्व देण्याचे कारण पांडित्याचे नाही. १८०३-०४ मध्ये पावसाचा अभाव आणि फौजांची व पेंढाऱ्यांची लूट यांमुळे खानदेश व दख्खन दुष्काळाने होरपळले. ज्यांची शेते व घरे त्यात गेली त्यांना ना वसईच्या तहाची कलमे ठाऊक होती ना पेरॉनचे नाव. युद्धाची किंमत जे देतात त्यांना निदान खरे कारण कळावे, हा त्यांचा हक्क आहे. आणि ते सांगणे हे सत्ताधाऱ्याचे त्यांच्याप्रती असलेले ऋण आहे.

सामान्य नागरिकाजवळ गुप्त कागद नसतात, म्हणून त्याने सर्वच सरकारांना असत्यवादी मानावे असे नाही. तसा सरसकट अविश्वास हाही विचार टाळण्याचाच एक प्रकार होय. त्याने एवढेच विचारावे : हे कारण उद्या नाहीसे झाले तर आपण थांबाल काय? विरुद्ध पक्षाने काय उत्तर दिले, ते आम्हांस संपूर्ण ऐकवाल काय? आणि आपल्या विजयानंतर जे आपल्या हाती येईल, त्याचे नाव आजच घ्याल काय? हे प्रश्न तोफा सुटण्यापूर्वी विचारले जावेत. नाबोथाच्या मृत्यूनंतर एलीया अहाबाला भेटला, तो द्राक्षमळ्यातच. सत्य तेथे बोलले गेले. पण नाबोथाला त्याचा उपयोग उरला नव्हता.