सप्ताहाची पत्रिका जपून ठेवा

नांदेड-हिंगोली आणि नागपूर-तुळजापूर हे दोन रस्ते वारंगा फाट्यावर एकमेकांना मिळतात. खिचडी खायला इथं थांबणाऱ्या प्रवाशाला हा फक्त फाटा वाटतो. पण चारी बाजूंच्या कुठल्याही गावात एकादशीच्या रात्री जा, पखवाज ऐकू येईल. हा संत नामदेवांचा हिंगोली जिल्हा आहे, नर्सी इथलीच. भजनी मंडळ नसलेलं गाव आमच्याकडे शोधावं लागतं.

या मंडळांना, वादकांना, शाहिरांना, गोंधळ्यांना सरकारी पैसा मिळतो का? मिळतो. किती, आणि कुणाला, हे मात्र आकड्यांतच बघायला हवं.

राज्य सरकारने २०२५च्या गणेशोत्सवात भजनी मंडळांसाठी भांडवली अनुदान जाहीर केलं. १,८०० मंडळांना वाद्यं आणि साहित्य घेण्यासाठी प्रत्येकी २५ हजार रुपये, म्हणजे एकूण साडेचार कोटी. अर्जाची मुदत २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, जेमतेम पंधरा दिवस. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत. एका ग्रामपंचायतीत एकच मंडळ धरलं, तरी पंधरा-सोळा मंडळांतल्या एकालाच हे अनुदान मिळणार. एकट्या हिंगोली जिल्ह्यात ५६३ ग्रामपंचायती आहेत. योजना चांगली आहे, तिचं स्वागतच करायला हवं. पण गणपतीच्या धामधुमीत पंधरा दिवसांत ऑनलाइन अर्ज भरायचा, तर कागद आधीपासून तयार असलेलं मंडळच पुढे जातं.

दुसरी योजना वृद्ध कलावंतांच्या मानधनाची. ती १९५४-५५ पासून चालू आहे आणि आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा दर्जांप्रमाणे महिना ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळायचे. २०२४ पासून सरसकट ५,००० मिळतात. वय ५० पूर्ण, कलेतली किमान १५ वर्षं आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, या मुख्य अटी. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १०० कलावंत निवडायचे असतात.

या शंभराच्या आकड्याकडे नीट बघा. २०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती, पुण्याची ९४,२९,४०८. कोटा दोघांनाही शंभरचाच. म्हणजे हिंगोलीत पावणेबारा हजार माणसांमागे एक जागा, तर पुण्यात चौऱ्याण्णव हजारांमागे एक. मराठवाड्यातल्या लहान जिल्ह्याच्या बाजूने असलेला सरकारी हिशेब फार क्वचित सापडतो. हा तसा एक आहे, आणि म्हणूनच आपल्या गावातून अर्ज गेला नाही की मनाला लागतं.

अर्ज का जात नाही? बहुतेक वेळा पुराव्यापाशी गाडी अडते. ज्या माणसाने चाळीस वर्षं पखवाजाच्या धुमेवर कणीक थापली, शाईच्या बाजूला हातोडी मारून सूर जुळवला, पावसाळ्यात पान सैल पडलं की चुलीच्या उबेला धरलं, त्याच्याकडे प्रमाणपत्र कुठून असणार? पण त्याच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी, हरिनाम सप्ताहाच्या जुन्या पत्रिका असतात. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या. त्यात गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी अशी एकेक ओळ आणि त्यापुढे नावं. त्या ओळीत त्याचं नाव छापलेलं असतं, आणि तोच त्याचा पुरावा. माझं सांगणं एवढंच, की पत्रिका छापताना तिथीसोबत इंग्रजी तारीख आणि साल टाका, आणि वादकाचं नाव ‘बापू’, ‘नाना’ असं न छापता आधार कार्डावर आहे तसं पूर्ण छापा. दर वर्षीची एक प्रत मंडळाच्या फायलीत ठेवा.

आता सगळ्यात जवळच्या दाराकडे, म्हणजे ग्रामपंचायतीकडे येतो. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. विसावा ग्रंथालयांचा, एकविसावा सांस्कृतिक कार्यक्रमांचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी गावांच्या निधीचे दोन भाग केले. ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित, जो पगार-आस्थापना सोडून या २९ विषयांतल्या स्थानिक गरजांसाठी ठेवला.

समजा, याच वाटणीने एका ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख आले. त्यातले ४ लाख अबंधित. त्यातून गावाने वाद्यांसाठी आणि पोरांना पखवाज शिकवण्यासाठी २५ हजार ठेवले, तर ते सव्वासहा टक्के होतात. गटारं आणि रस्ते आधी, हे मलाही मान्य आहे. पण उरलेले पावणेचौऱ्याण्णव टक्के त्यांच्याचसाठी आहेत. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. महिला भजनी मंडळाने त्यातल्या दहा टक्क्यांबद्दल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना जरूर विचारावं.

हे सगळं ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ या वार्षिक आराखड्यात नोंद झाली तरच होतं. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. मार्चमध्ये सरपंचांकडे गेलात तर ते खरंच काही करू शकत नाहीत. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. सप्ताहाच्या काल्याला याच्या कितीतरी पट माणसं जमतात. त्यांतली वीस-पंचवीस ग्रामसभेला आली, तरी विषय टाळता येणार नाही.

ग्रामसभेसाठीचा अर्ज एका पानाचाच लिहा. मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांक, बँक खातं, काय घ्यायचं, दुकानाचं दरपत्रक आणि किती मुलं शिकणार, एवढं पुरतं. नोंदणी नसेल तर आधी ती करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याने सात माणसं लागतात, आणि एवढे टाळकरी तर प्रत्येक मंडळात असतातच. येत्या ग्रामसभेत अर्ज द्या, तो वाचून दाखवायला लावा, इतिवृत्तात ठराव लिहून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.