तक्रार आणि हातगाडी

पिंपळे गुरवसारख्या उपनगरात भाजीच्या गाडीने वाट अडली, की नागरिक घरबसल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ‘सारथी’ सेवेवर तक्रार नोंदवतो. ही सेवा २०१३ सालची. तक्रार रास्त असेल. पण गाडी उचलली, की एका घरची चूल थंडावते. तुम्ही म्हणाल, मग गाडीवाल्याने करावे काय? २०१४ च्या कायद्याने त्यालाही आधार दिला आहे. सर्वेक्षण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. जप्त मालाची यादी द्यावी लागते. शुल्क भरून मागितल्यास नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळतो. नगर पथविक्रेता समितीतही किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात. तेव्हा गुरुजींनो, मोबाईलवर तक्रार करायला शिकवाल, तेव्हा ही कलमेही वाचून दाखवा. दाद मागण्याची सोय दोघांनाही हवी.