शुगर शब्दाचें माहेर

ऊंस लावणाऱ्या आमच्या वाचकांस साखरेचा भाव तोंडपाठ असतो. तिच्या नांवाची कुळकथा मात्र क्वचितच कोणी पाहतो. इंग्रजी ‘शुगर’ हा शब्द दिसण्यांत परका, पण त्याचें माहेर आपल्याच देशांत आहे. संस्कृतांत ‘शर्करा’ म्हणजे मूळचे बारीक खडे. पुढें रवाळ गोड पदार्थासही तेंच नांव पडलें. प्राकृतांत ‘सक्करा’, फारशींत ‘शकर’, अरबींत ‘सुक्कर’ अशीं त्याचीं रूपें झालीं. अरबांनीं ऊंस भूमध्यसमुद्राच्या कांठीं नेला. त्याच्या मागोमाग शब्दही लॅटिन व फ्रेंच भाषांतून इंग्रजींत शिरला. ‘कँडी’चें मूळही असेंच आपल्या ‘खंड’ शब्दांत आहे.

गुळास इंग्रज ‘जॅगरी’ म्हणतात. हें नांव ‘शर्करा’ शब्दाच्या मलबारी रूपावरून पोर्तुगीजांनीं उचललें. म्हणजे एकच शब्द खुष्कीनें एकदां व समुद्रमार्गें दुसऱ्यांदां विलायतेस गेला!

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. उत्तरेंत साखरेस ‘चिनी’ व खडीसाखरेस ‘मिस्री’ म्हणतात. त्यांत चीन व मिसर देशांचीं नांवें आहेत. ज्यानें माल सुधारला, त्याचें नांव मालास चिकटलें. १९३२ च्या संरक्षक कायद्यापूर्वीं जावा बेटाची साखर आपल्या बाजारांत भरपूर येत असे. शब्द आपला, माल परक्याचा! म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, कुळाचा अभिमान जरूर धरावा, परंतु गुऱ्हाळांतून गूळ स्वच्छ व रवाळ उतरेल याची काळजी आधीं घ्यावी.