दिवेलागणीला उघडणारं ऑफिस

आमच्या खामगावच्या घरात संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, की एक ऑफिस उघडतं. पाटी नाही, शिपाई नाही, साहेब तर सातासमुद्रापलीकडे! माडीवरच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप, कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि कानाला हेडफोन लावून बसलेली माझी धाकटी जाऊ.

ती शेगावच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकली. पुढे पुण्यात नोकरी केली. मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि भाऊजी-जाऊ दोघंही घरी परतले. तिची नोकरी सुटली. वर्षभर अर्ज करकरून तिला अमेरिकेतल्या एका लहानशा कंपनीचं काम मिळालं. सॉफ्टवेअर कुठं अडतं, कुठं चुकतं ते शोधून कळवायचं. सगळं घरूनच.

‘घरून’ या शब्दानंच घोटाळा केला. घरात आहे म्हणजे मोकळीच आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून घेतलं. सासूबाई तर पहिले दोन महिने जिन्याशी कान देऊन असायच्या. “रातभर कोनासंग बोलून राह्यली वं ही?” शेजारणींनाही तोच प्रश्न! आणि खरं सांगते, राग मलाही यायचा. ऐन पोळ्यांच्या वेळी ही बाई वर जाणार, आणि कणकेची परात माझ्यापुढे!

तिनं एकदा मला शेजारी बसवून घड्याळाचं गणित समजावलं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे सरकवतात. मग तेच नऊ आपल्याकडे साडेसहालाच वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. तेव्हापासून आमच्याकडे मार्चमध्ये कणीक तासभर आधी भिजते. कुठे अमेरिका आणि कुठे आमची परात! पण सकाळचा सगळा स्वयंपाक तिचा आणि संध्याकाळचा माझा, ही वाटणी एकदा ठरली आणि धुसफूस थांबली.

तसं पाहिलं तर परदेशाच्या तालावर चालणं आमच्या गावाला नवं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तोही मुख्यतः कापसाच्या गाठी नेण्यासाठीच. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला कुठं ठाऊक होतं, की आपल्या ओटीतल्या बोंडांचा भाव दूर लिव्हरपूलच्या बाजारात ठरतो?

आज माझी जाऊ काम खामगावात करते आणि अटी मात्र तिकडे ठरतात. फरक एवढाच, की तिला त्या अटी वाचता येतात. पण तिनं त्या नीट वाचल्या होत्या का?

हा प्रश्न पडला तो गेल्या वर्षी, तिला दिवस राहिले तेव्हा. घरात आनंदीआनंद! सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांची तयारी आतापासूनच मनात सुरू केली. मी सहज विचारलं, “रजा किती मिळते गं तुला?” माझी एक मावसबहीण अकोल्याला कंपनीत आहे, तिला सहा महिने पगारी रजा मिळाली होती. २०१७ पासून आपल्याकडे कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे झाले आहेत ना!

जाऊबाईंनी करारपत्र काढलं. दोघी मिळून वाचायला बसलो. दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं, की ही व्यक्ती नोकरदार नसून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. म्हणजे पगारी रजा नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तीस दिवसांची नोटीस दिली की काम बंद. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. “वहिनी, मी दोन वर्षं नोकरी नोकरी म्हणत होते...” एवढंच म्हणाली.

मग आम्ही खोदून माहिती काढली. परदेशी कंपनीचं भारतात ऑफिस नसलं, की ती बहुधा असंच कंत्राट करते. दुसरी वाटही असते. भारतातल्या एखाद्या मध्यस्थ कंपनीच्या पटावर आपलं नाव घालतात, मग इथले नियम लागू होतात. पण त्यात कंपनीचा खर्च वाढतो, म्हणून लहान कंपन्या टाळतात. आणखी एक गंमत कळली. खुद्द अमेरिकेतही बाळंतपणाची पगारी रजा सर्वांना द्यायलाच हवी, असा देशव्यापी कायदा नाही! १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे रजा मिळते ती बिनपगारी, आणि तीही ५० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्यांत. म्हणजे तिकडच्या साहेबीणबाईंचीही तीच तारांबळ!

आठ दिवस तिची घालमेल चालली होती. सांगावं तर काम जायचं, लपवावं तर किती दिवस? शेवटी तिनं सरळ ई-मेल लिहिला. अमुक महिन्यात बाळंतपण आहे, चार महिने थांबेन, माझी जागा ठेवाल का? विनवणी नाही, रडगाणं नाही. दोन वर्षांत तिनं शोधलेल्या चुकांचा हिशेब मात्र खाली जोडला. तीन दिवस उत्तर नाही. त्या तीन रात्री माडीवरचा दिवा पहाटेपर्यंत जळत होता. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पैसे देता येणार नाहीत, पण जागा चार महिने राखून ठेवू. तिनं ते उत्तर छापून करारपत्राला जोडलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण कागद हातात घेऊन म्हणाल्या, “जपून ठेव वं माय हा.”

आज आपल्या जिल्ह्यातही घरोघरी शिकलेल्या सुना-लेकी आहेत. त्यांच्यापैकी कुणी ही वाट धरणार असेल, तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

काम देण्याआधी जो नोंदणीचे, ट्रेनिंगचे किंवा अनामत म्हणून पैसे मागतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

करारात आपण नोकरदार की कंत्राटदार, नोटीस किती दिवसांची, पैसे कोणत्या तारखेला, हे आधी वाचा. तोंडी बोलणं असेल तर ते ई-मेलवर लिहून घ्या.

परदेशातून पैसे आले की ते कशाबद्दल आले, हे बँक विचारते. घाबरू नका, करारपत्र आणि बिल दाखवा, आणि रक्कम परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला मागून घ्या. तिकडची कंपनी आपला इथला आयकर कापत नाही, तो आपणच भरायचा. वर्षाचा कर दहा हजार किंवा जास्त होत असेल, तर तो आगाऊ भरावा लागतो. साधारणपणे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत. एखाद्या सीएला एकदा भेटाच.

आणि पीएफ नाही, म्हणून आपला आपण बाजूला टाका. आमच्या जाऊबाई आता दर महिन्याला पीपीएफ खात्यात पैसे भरतात. अडीनडीसाठी सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवतात. ही अक्कल आम्हाला दोन वर्षं उशिरा आली!

बाळ आता आठ महिन्यांचं आहे. जाऊबाई ठरल्याप्रमाणे कामावर परतल्या. रात्री ते रडलं की सासूबाईच मांडीवर घेतात. परवा शेजारच्या काकूंनी जिन्याकडे बोट दाखवत विचारलं, “सून दिसत नाही व, कुठं गेली?”

सासूबाई बाळाला थोपटत म्हणाल्या, “ड्युटीवर गेली.”