मेंदूकडे जाणाऱ्या चार वाटा

३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने धडक दिली आणि थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. ते मागील आसनावर बसले होते. मानेला इजा होऊन मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला, असे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी सांगितले होते. यकृतालाही गंभीर इजा झाली होती. आसनपट्टा लावला असता तर कदाचित जीव वाचला असता, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली होती. नायगावहून बापाणेमार्गे महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी या घटनेमागील शरीरशास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. मिनिटाला सुमारे ७५० मिलिलीटर रक्त त्याला लागते. मेंदूजवळ साठा असा नाहीच. रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत पेशी कायमच्या निकामी होऊ लागतात.

हे रक्त चार धमन्यांतून वर जाते. मानेच्या पुढील भागात दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड धमनी असते. बोटांना तिचे ठोके जाणवतात. मागच्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढतात. मेंदूच्या तळाशी या सर्वांना जोडणारे एक वर्तुळ असते. इंग्लंडचे डॉ. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. एक वाट बंद पडली तर दुसरीकडून थोडेफार रक्त पोहोचावे, अशी ही योजना आहे. मात्र अनेकांमध्ये हे वर्तुळ अपुरे असते. त्यामुळे त्यावर विसंबून राहता येत नाही.

मानेला जोराचा हिसका बसला की धमनीचे आतले अस्तर फाटू शकते. तेथे रक्ताची गुठळी धरते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, सुटून मेंदूत अडकते. मग अर्धांगवायू होतो. केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची सवयही म्हणूनच धोक्याची आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिलिप ह्यूज याच्या डोक्यावर हेल्मेट होते, तरी चेंडू मानेवर आदळून व्हर्टिब्रल धमनी फाटली, मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो मृत्यू पावला.

कवटीच्या आतील रक्तस्राव तर अधिक फसवा असतो. कानशिलाखालची धमनी फुटली तर रुग्ण आधी शुद्धीवर येतो, बोलतो, घरी जातो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. वृद्धांमध्ये न्हाणीघरात घसरून लागलेल्या किरकोळ मारानेही बारीक शिरा तुटतात. रक्त हळूहळू साचते आणि चाल अडखळणे, विसर पडणे ही लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

म्हणून डोक्याला वा मानेला मार लागल्यावर 'मी बरा आहे' या शब्दांवर निश्चिंत राहू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळपर्यंत थांबू नये. मान चोळू नये, पाणी पाजू नये, मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नये. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोहोंचे उपचार परस्परविरोधी आहेत. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. एका मोठ्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे.

मागील आसनावरचा पट्टा आणि हनुवटीखाली नीट बांधलेला हेल्मेटचा पट्टा यांना क्षणभर वेळ लागतो. तेवढा क्षण घरातील प्रत्येकाने काढावा, आणि पडलेल्या माणसावर पुढचा दिवसभर तरी कुणीतरी लक्ष ठेवावे.