रनवे दोन, पण विमान एका वेळी एकच!

मागच्या व्हिडिओत मुंबई विमानतळाचं उदाहरण मी दोन वाक्यांत उरकलं आणि नंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "दोन रनवे असताना एकच का वापरतात?" व्हिडिओत वेळ नव्हता, म्हणून इथे नीट सांगतो. बिझनेसमध्ये 'दुसरी लाईन' सुरू करायचा विचार असेल तर हे लोन घेण्याआधी वाचा.

मुंबईचे दोन रनवे गुगल मॅपवर बघा. 09/27 हा मोठा आणि 14/32 हा थोडा आखूड. दोन्ही एकमेकांना कात्रीसारखे छेदतात. म्हणजे मध्ये एक चौक आहे, आणि एकाच क्षणी दोन विमानं त्या चौकात नकोत. म्हणून तिथे साधारणपणे एका वेळी एकच रनवे चालवतात. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी 9 मे 2024 ला सकाळी 11 ते संध्याकाळी 5 असे सहा तास दोन्ही रनवे बंद ठेवावे लागले होते. दोन असूनही!

तुम्ही म्हणाल, थोडं अंतर ठेवून दोन्हीकडे उतरवायला काय हरकत आहे? जगात काही ठिकाणी तसं करतातही, पण त्यातली मेख समजून घ्या. प्रवासी जेट उतरताना साधारण ताशी 260 किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला सत्तरेक मीटर. समजा पहिल्या रनवेच्या लाईनीत विमानं एकामागून एक छान अंतर राखून येतायत. दुसऱ्या लाईनीतही तसंच. प्रत्येक लाईन स्वतःपुरती शंभर टक्के बरोबर, कुणाचीच चूक नाही. तरीही दोन्ही लाईनींतली विमानं चौकात एकाच सेकंदाला पोचू शकतात, कारण आपल्याच लाईनीतलं अंतर मोजून समोरच्या लाईनीचा हिशोब लागत नाही.

म्हणून अमेरिकेतला नियम असा आहे. पहिलं विमान चौक ओलांडून गेलं पाहिजे, किंवा रनवे सोडून वळलं पाहिजे, किंवा चौकाच्या अलीकडे थांबणार हे पक्कं पाहिजे. तोवर दुसऱ्याने आपल्या रनवेच्या उंबरठ्यावर यायचं नाही. ते जमावं म्हणून तिथल्या कंट्रोलरसाठी एक मस्त सोय आहे: दुसऱ्या लाईनीतल्या विमानाची 'सावली' त्याच्या स्वतःच्या लाईनीवर स्क्रीनवर दिसते. तिला ते 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे चक्क भूत. खरं विमान दुसरीकडे असतं, पण चौकापासूनचं त्याचं अंतर इथे दिसतं. मग कंट्रोलर आपलं विमान त्या भुताच्या पुढे-मागे अंतर ठेवून बसवतो.

एवढं करूनही एक भानगड उरते. उतरणारं विमान ऐनवेळी न उतरता परत वर जाऊ शकतं. त्याला गो-अराउंड म्हणतात. रनवेवर काही दिसलं, वारा फिरला, वेग जास्त वाटला, की पायलट वर उचलतो, आणि ते योग्यच असतं. पण आता जे विमान चौकाच्या आधी थांबणार होतं ते हवेत चौकाकडे निघालेलं असतं, आणि हवेत ब्रेक नसतो. अमेरिकेत असे प्रसंग घडल्यावर तिथल्या एनटीएसबी या तपास संस्थेने 2013 मध्ये सांगितलं, की गो-अराउंड होणारच असं धरून अंतर ठरवा.

27 फेब्रुवारी 2023 ला बोस्टनमध्ये काय झालं बघा. एका लहान खासगी जेटला 'रनवेवर जाऊन थांबा' असं सांगितलं होतं. पायलटने ते बरोबर परत म्हणूनही दाखवलं, आणि तरी परवानगीशिवाय उड्डाण केलं. त्याच वेळी छेदणाऱ्या रनवेवर जेटब्लूचं प्रवासी विमान उतरत होतं. ते जमिनीपासून फक्त तीसेक फुटांवर असताना त्याच्या पायलटने वर उचललं, म्हणून वाचले.

आता तुमच्याकडे येऊ. समजा तुमचा मसाल्याचा उद्योग आहे आणि पल्व्हरायझर एकच. पहिली लाईन म्हणजे दुकानांना जाणारी तुमच्या ब्रँडची पाकिटं. दुसरी लाईन म्हणजे एप्रिल-मेमध्ये गल्लीतल्या काकू, मावशी वर्षाची मिरची घेऊन येतात ती कांडपाची. मशीन तासाला 25 किलो काढतं, आठ तास चालतं, म्हणजे दिवसाला 200 किलो. तुम्ही दोन वह्या केल्या आणि दोन्हीकडे रोज शंभर-शंभर किलोचा शब्द दिला. कागदावर चोख.

पण मिरचीनंतर लगेच हळद टाकता येत नाही, मशीन पुसावंच लागतं. विमानातही हेच आहे: जड विमानामागे हवेत भोवरे उठतात, म्हणून त्याच्या मागच्या मध्यम विमानाला पाच सागरी मैल मागे ठेवतात. आपल्याकडे एका साफसफाईला वीस मिनिटं धरा. दिवसातून सहा वेळा माल बदलला तर दोन तास गेले, आणि निघाला 150 किलो. शब्द दिला होता 200 चा. दोन्ही वह्या बरोबर, आणि संध्याकाळी दारात मावशी चिडून उभ्या. त्यात दुपारी लाईट गेली की झालंच!

अशा वेळी बरेच जण पॅकिंग मशीन आणि अजून एक माणूस घेतात. हप्ता सुरू होतो, पण मशीनमधून माल तेवढाच निघतो, कारण तुम्ही चौकाच्या पलीकडचा रस्ता रुंद केलात. नवी मुंबई विमानतळाचा आराखडा दोन समांतर रनवेंचा आहे, एकमेकांना न छेदणाऱ्या. खरी दुसरी लाईन म्हणजे तशी, दुसऱ्या पल्व्हरायझरसकट.

आणि समांतर परवडत नसेल तर? मुंबईचंच बघा. एकच रनवे एका वेळी, तरी 2018 मध्येच त्यांनी दिवसाला हजाराहून जास्त विमानं हाताळून दाखवली. पण ताणण्यालाही मर्यादा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने सांगितलं की विमानं 40 ते 60 मिनिटं आकाशात घिरट्या घालतायत आणि तासाभराच्या घिरट्यांना सुमारे 2.6 लाखांचं इंधन जळतंय. मग गर्दीच्या वेळची तासाची संख्या 46 वरून 44 वर आणली, इतर वेळची 44 वरून 42 वर. म्हणजे तासाला फक्त दोन कमी! माझ्या मते नव्या उद्योजकाला हेच सगळ्यात जड जातं, येणाऱ्या ऑर्डरला "उद्या नाही, परवा" म्हणणं.

त्यामुळे दोन वह्या आजच एक करा, आणि ऑर्डर किलोत न लिहिता मशीनवरच्या मिनिटांत लिहा, साफसफाईसकट. कांडपाच्या पानावर ब्रँडची ऑर्डर दिसली पाहिजे आणि ब्रँडच्या पानावर कांडपाची, ते भूत तेवढ्यासाठीच. दिवसातला निदान एक तास कुणालाही देऊ नका, तो लाईट जाण्यासाठी आणि परत दळायला लागणाऱ्या मालासाठी. टेलरिंग असेल तर चौक म्हणजे कटिंग मास्टर, केकचं काम असेल तर ओव्हन, आणि खूपदा तुम्ही स्वतःच, कारण बिल, फोन आणि चव बघणं सगळं तुमच्याकडेच. सात दिवस घड्याळ लावून त्या चौकातली मिनिटं लिहून काढा. बँकेत कोटेशन घेऊन जायचं असेल तर तो कागद सोबत ठेवा.